घरच्या वजनकाट्यावर धातूची घनता कशी मोजावी

पितळी दिसणारी वस्तू खरंच पितळेची आहे का, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. मुलामा दिला की रंग बदलतो. घनता तशी फसवत नाही. तुकडा लहान असो वा मोठा, दर मिलिलिटरला किती ग्रॅम हे प्रमाण तेच राहतं.

शाळेत मोजपात्रात वस्तू बुडवून पाणी किती चढलं ते वाचतात. त्यापेक्षा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा जास्त भरवशाचा.

खलबत्त्यातला भरीव बत्ता घ्या. कोरडा असताना तोला. समजा ३४० ग्रॅम भरला. उंच भांड्यात पाणी घ्या, बत्ता बुडाल्यावर ते सांडता कामा नये. भांडं काट्यावर ठेवून टेअरचं बटण दाबा, आकडा शून्यावर येईल. बत्ता दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा आणि लोंबता धरा. काट्याने ४० दाखवले, तर बत्त्याचं आकारमान ४० मिलिलिटर. ३४० भागिले ४० म्हणजे ८.५, पितळच.

असं का होतं? पाणी बत्त्याला वर ढकलतं, तेवढ्याच जोराने बत्ता पाण्याला खाली दाबतो. हा जोर बाजूला सरलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो, आणि १ मिलिलिटर पाणी जवळजवळ १ ग्रॅम भरतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वस्तू तळाला टेकल्यामुळे. मग तिचं स्वतःचं वजनही काट्यावर येतं, आकडा फुगतो आणि घनता कमी निघते. चिकटलेले बुडबुडेही आकारमान वाढवतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि वस्तू बुडवून हलकेच झटका.

पडताळ्यासाठी: ॲल्युमिनियम २.७, जस्त ७.१, लोखंड ७.९, तांबं ८.९, चांदी १०.५, शिसं ११.३. बिडाचं लोखंड मात्र ७.२ च्या आसपास येतं. दुकानातल्या जुन्या लोखंडी वजनांवर हा प्रयोग करू नका, त्यांच्या तळाच्या खाचेत शिसं भरलेलं असतं.

वस्तू जड हवी. ३४ ग्रॅमच्या पितळी तुकड्याला काटा ४ दाखवेल. तिथे एका ग्रॅमची चूक झाली तर उत्तर ६.८ ते ११.३ मध्ये कुठेही जाईल, म्हणजे जस्तापासून शिशापर्यंत काहीही. १० ग्रॅमच्या चांदीच्या नाण्यासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटाच लागतो.

खडीसाखर पाण्यात विरघळते, म्हणून तिच्यासाठी खाद्यतेल वापरा. तेलाच्या पिशवीवर १ लिटर म्हणजे ९१० ग्रॅम असं छापलेलं असतं, म्हणून काट्यावरच्या आकड्याला ०.९१ ने भागा. ५० ग्रॅम खड्यांना काटा २९ दाखवेल, आकारमान सुमारे ३२ मिलिलिटर, घनता १.६ च्या जवळ. खडे दोऱ्यात ओवलेले घ्या. चमच्याने बुडवले तर चमचाही तेल सारतो आणि तेवढा आकडा वाढतो.