ट्रॅव्हल कार्डाची महागडी फी खरंच वसूल होते का? हिशेबातल्या या चुका टाळा

माझ्या ट्रॅव्हल क्रेडिट कार्डाबद्दल तीन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो, "अरे, या कार्डाची फी तर नुसत्या लाउंजमध्येच वसूल होते." मग एकदा स्टेटमेंटवर वार्षिक शुल्काची ओळ दिसली आणि वही घेऊन बसलो. वर्षभरात विमानतळावरच्या लाउंजच्या, म्हणजे आरामकक्षाच्या, नोंदी निघाल्या पाच. त्यातली एक जेमतेम पंचवीस मिनिटांची, कारण बोर्डिंग सुरू झालं होतं आणि मी चहाचा कप तसाच ठेवून पळालो होतो.

त्या वहीत सापडलेल्या आणि नंतर मित्रांची, नातेवाइकांची कार्डं तपासताना दिसलेल्या चुका इथे मांडतोय. कार्ड घ्या किंवा घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. हिशेब मात्र आपला हवा, बँकेचा नको.

बँकेने लावलेला भाव धरून बेरीज करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर. आकडे सोपे घेतो, चलन तुमचं जे असेल ते. करासकट फी १०,००० धरा. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: लाउंजच्या १२ भेटी, किंमत १८,०००. हॉटेलचं कूपन ६,०००. कुठल्यातरी क्लबची मेंबरशिप ५,०००. प्रवास विमा ४,०००. खर्चावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंट १२,०००. बेरीज ४५,०००. दहा हजारांत पंचेचाळीस हजार! नाही कोण म्हणेल?

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे कार्ड नसतं तर या गोष्टीसाठी मी खिशातून किती काढले असते?

लाउंजच्या एका भेटीला बँक १,५०० लावते. मी विमानतळावर एक चहा आणि काहीतरी खायला घेतलं असतं, म्हणजे ४०० च्या आसपास. पाच भेटींचे झाले २,०००. हॉटेलचं कूपन दोन रात्री राहिलं तरच चालतं आणि तेही बँकेच्या पोर्टलवरूनच. तीच खोली दुसरीकडे ३,००० ने स्वस्त होती, तेव्हा कूपनाचा खरा फायदा ३,०००. क्लबची मेंबरशिप मी जन्मात विकत घेतली नसती, शून्य. वैद्यकीय खर्चासाठी विमा मला तरीही वेगळा काढावाच लागतो, म्हणून तिथेही शून्य. आणि पॉइंटांच्या १२,००० पैकी खरे पदरात पडले ४,५००. ते कसे, हे पुढच्या मुद्द्यात येतं.

बेरीज ९,५००. फी १०,०००. मी ५०० ने तोट्यात! परदेशात केलेल्या ४०,००० च्या खर्चावर मार्कअपमध्ये (परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते त्या जादा आकारणीत) २% वाचले, म्हणजे आणखी ८०० मिळाले. त्यामुळे वर्षाअखेर निव्वळ फायदा ३००. एवढ्यासाठी १०,००० आगाऊ भरायचे आणि वर्षभर कूपनांच्या तारखा सांभाळायच्या.

कूपनांबद्दल आणखी थोडं. वर्षाचा एकच मोठा लाभ देण्याऐवजी तो महिन्याला किंवा तिमाहीला तुकड्यांत दिला असेल तर सावध व्हा. बारा तुकड्यांतले चार तरी विसरले जातात, आणि विसरलेलं पुढच्या महिन्यात जात नाही. दुसरी गंमत म्हणजे कूपन संपायला आलं की आपण गरज नसताना खर्च करतो. २,००० चं कूपन वाया जाऊ नये म्हणून ५,००० चं बुकिंग करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तुलना शून्याशी करणं

"मला या कार्डातून १२,००० चे पॉइंट मिळाले." बरं. पण हाच खर्च बिनफीच्या साध्या कॅशबॅक कार्डावर केला असता तर काहीच मिळालं नसतं का?

माझा वर्षाचा खर्च ६,००,०००. महागड्या कार्डावर परतावा २%, म्हणजे १२,०००. बिनफीच्या कार्डावर १.२५%, म्हणजे ७,५००. महागड्या कार्डाची खरी कमाई वरचे ४,५०० एवढीच. ही वजाबाकी मी तीन वर्षं केली नव्हती, आणि खरं सांगतो, करायची इच्छाही नव्हती. धातूचं कार्ड टेबलावर ठेवताना होणारा आवाज आवडायचा.

उलट्या बाजूनेही पाहता येतं. दोन कार्डांतला फरक ०.७५% आणि फी १०,००० असेल, तर निव्वळ पॉइंटांतून फी भरून निघायला वर्षाला १३,३३,००० च्या वर खर्च हवा. तुमचा तेवढा खर्च असेल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही.

पहिल्या वर्षाच्या बोनसवर कायमचा निर्णय घेणं

स्वागताचा बोनस एकदाच मिळतो, फी दरवर्षी जाते. २०१६ मध्ये अमेरिकेत चेस बँकेने 'सफायर रिझर्व्ह' कार्ड आणलं तेव्हा १,००,००० पॉइंटांचा बोनस होता आणि वार्षिक शुल्क ४५० डॉलर. काही महिन्यांतच बोनस निम्म्यावर आला. शुल्क २०२० मध्ये ५५० डॉलर झालं आणि २०२५ मध्ये ७९५. लाभांची यादीही दरम्यान बदलत गेली. ज्यांनी पहिल्या वर्षाच्या खुशीत "हे कार्ड आयुष्यभर ठेवायचं" असं ठरवलं, त्यांच्यासमोर आता वेगळंच कार्ड आहे.

म्हणून दोन हिशेब वेगळे ठेवा. पहिलं वर्ष बोनससकट आणि दुसरं वर्ष बोनसशिवाय. आणि बोनससाठी घातलेली किमान खर्चाची अट गाठायला तीन महिन्यांत नको ती खरेदी केली असेल, तर ती रक्कम बोनसमधून वजा करा. बँक आवळा देऊन कोहळा काढते तो इथेच.

पॉइंटांना सगळ्यात महागड्या तिकिटाचा भाव लावणं

"बिझनेस क्लासचं तिकीट पॉइंटांवर फुकट काढलं, अडीच लाखांचं!" काढलं असेल. पण ते तिकीट रोख पैसे देऊन काढलं असतं का? नसतं, तर अडीच लाख वाचले असं म्हणता येत नाही. अनुभव भारी होता, एवढं नक्की म्हणता येतं. हौसेला मोल नाही हे मला मान्य आहे, पण मग ती हौसेच्याच खात्यात टाका.

पॉइंटाचा भाव काढायची रीत सोपी आहे. रोख तिकिटाच्या किमतीतून, पॉइंटांवर काढतानाही भरावे लागणारे कर आणि सरचार्ज वजा करा, आणि उरलेल्याला पॉइंटांनी भागा. तिकीट २४,००० चं आहे. पॉइंटांवर घ्यायचं तर ३०,००० पॉइंट आणि वर ६,००० कर. म्हणजे १८,००० भागिले ३०,०००, एका पॉइंटाला ०.६०. हे गणित तुम्ही खरोखर करणार असलेल्या प्रवासावर करा. स्वप्नातल्या बेटावर नको.

पॉइंट साठवून ठेवणं हीसुद्धा चूकच. विमान कंपन्या माइल्सचे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पॉइंटांचे, दर कधीही बदलू शकतात. अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीने २०१५ मध्ये कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतात याचा ठरावीक तक्ताच काढून टाकला, नंतर इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. साठवलेल्या पॉइंटांना व्याज मिळत नाही, त्यांची किंमत घसरू मात्र शकते.

आणि ट्रान्सफर करताना घाई नको. बँकेचे पॉइंट एअरलाइनकडे गेले की सहसा परत येत नाहीत. मी एकदा सीट दिसली म्हणून सगळे पॉइंट पाठवले. ते खात्यात जमा व्हायला दोन दिवस लागले आणि तोवर सीट गेली. ते माइल्स वापरायला मला पुढे दीड वर्ष लागलं, आणि शेवटी जिथे जायचं होतं तिथे गेलोच नाही.

लाभ मिळाला नाही की थेट बँकेशी भांडणं

भांडण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा ते चार अंकी असतं. प्रत्येक दुकानदाराला कार्ड नेटवर्कमध्ये (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) एक मर्चंट कॅटेगरी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा आकडा, असतो: हॉटेलला ७०११, ट्रॅव्हल एजन्सीला ४७२२, रेस्टॉरंटला ५८१२. तुम्ही काय विकत घेतलं हे बँकेला दिसत नाही, हा कोड दिसतो. त्यामुळे हॉटेलची खोली एखाद्या बुकिंग साइटवरून घेतली तर व्यवहार ४७२२ मध्ये जातो आणि "हॉटेलवर जादा पॉइंट" हा लाभ हुकतो. हॉटेलच्या आवारातल्या रेस्टॉरंटचं बिल उलट ७०११ मध्ये पडू शकतं. कस्टमर केअरला त्या व्यवहाराचा कोड विचारा.

कोड बरोबर असेल तर पुढे तपासा. लाभ आधी ॲपमध्ये ॲक्टिव्हेट करायचा होता का? व्यवहार ॲड-ऑन कार्डावर (घरच्यांसाठी घेतलेल्या जोड कार्डावर) झाला होता का? भाडं, इंधन, विमा, वॉलेट भरणं अशा वगळलेल्या यादीत तो बसतो का? महिन्याची कमाल मर्यादा संपली होती का? हे सगळं ठीक असेल तर दोन स्टेटमेंट थांबा आणि मग लेखी तक्रार करा. ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट बुकिंगच्याच दिवशी काढून ठेवला असेल तर काम लवकर होतं. अटी नंतर गुपचूप बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

लाउंज सगळ्यांना, नेहमी, फुकट आहे असं समजणं

आम्ही तिघं होतो, हातात बॅगा, मुलगा झोपेला आलेला. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड फिरवलं, हसून आत सोडलं. महिन्याने स्टेटमेंटवर दोन पाहुण्यांचं शुल्क. काउंटरवर कोणी काही बोललं नव्हतं, आणि बोलायला ते बांधीलही नव्हते. माझ्या कार्डावर मोफत प्रवेश फक्त माझाच होता, हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं.

प्रवेश नाकारला जाण्याची नेहमीची कारणं अशी: लाउंजची वेगळी मेंबरशिप सुरूच केलेली नसते, मागच्या तिमाहीतली किमान खर्चाची अट पूर्ण झालेली नसते, सुटण्याच्या वेळेच्या तीन तासांहून आधी पोचलेलं असतं, किंवा आत जागाच नसते. शेवटच्या कारणावर कुठलंही कार्ड चालत नाही. आणि सुट्टीच्या दिवसांत, जेव्हा आपण खरे प्रवास करतो, तेव्हाच लाउंज सर्वांत भरलेले असतात.

परदेशातला मार्कअप आणि मशीनवरचा तो प्रश्न

हा लाभ लोक कमी लेखतात. साध्या कार्डांवर परकीय चलनातल्या व्यवहारावर ३ ते ३.५% मार्कअप सर्रास असतो. महागड्या कार्डावर तो कमी किंवा शून्य असू शकतो. फरक २.५% असेल तर परदेशातल्या ४,००,००० च्या खर्चावर १०,००० ची फी निघून येते. मात्र कमी मार्कअपची बिनफीची कार्डंही बऱ्याच ठिकाणी मिळतात. म्हणजे पुन्हा तीच वजाबाकी.

परदेशात मशीन विचारतं, "बिल तुमच्या देशाच्या चलनात करू का?" नाही म्हणा. हो म्हटलं की रूपांतराचा दर समोरचा ठरवतो आणि त्यात त्याचा नफा मिसळलेला असतो. कार्डाने वाचवलेला मार्कअप त्या एका बटणावर जातो.

विम्याच्या भरवशावर निघणं

बहुतेक कार्डांच्या विम्यात तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं. विमान उशिराची भरपाई ठरावीक तासांनंतरच सुरू होते. सामान हरवलं तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनकडून लेखी अहवाल घ्यावा लागतो. वैद्यकीय संरक्षणाची रक्कम आधी वाचा, मग वेगळी पॉलिसी घ्यायची की नाही ते ठरवा.

बाकी ठेवून पॉइंट मिळवणं

दर महिन्याला पूर्ण बिल भरत नसाल तर हे कार्ड तुमच्यासाठी नाही. महिना ३% व्याज चक्रवाढीने वर्षाला ४२% च्या पुढे जातं. त्यापुढे २% पॉइंट काय करणार?

फी कापल्यावर जागं होणं

नूतनीकरणाच्या तारखेच्या ४५ दिवस आधीचं रिमाइंडर लावा. तेव्हा हातात तीन पर्याय असतात: फी कमी करायला सांगणं, त्याच बँकेच्या खालच्या श्रेणीतलं कार्ड घेणं, किंवा बंद करणं. बंद करण्याआधी बँकेकडचे पॉइंट वापरा किंवा हलवा, कारण खात्याबरोबर ते सहसा जातात. एअरलाइनकडे आधीच पोचलेले माइल्स तुमचेच राहतात. कार्डाला जोडलेली ऑटो-पेमेंटही आधी दुसरीकडे वळवा.

मी फोन केला आणि खालचं कार्ड मागितलं. पलीकडच्या मुलीने दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि निम्मी फी माफ करायची तयारी दाखवली. वही उघडीच होती. लाभ १०,३००, फी ५,०००, शिल्लक ५,३००. ठेवलं कार्ड, एका वर्षासाठी. फोन ठेवताच पुढच्या वर्षीचं रिमाइंडर लावलं आणि हॉटेलचं कूपन त्याच संध्याकाळी वापरून टाकलं.