डॉक्टर म्हणतात ‘बीटी’, रिपोर्ट म्हणतो ‘बीएल’: कुष्ठरोगाच्या बायोप्सीत या चुका टाळा

बीटी आणि बीएल हे कुष्ठरोगाचे मधले प्रकार. डॉक्टरांचं निदान आणि लॅबचा रिपोर्ट जुळले नाहीत, की नातेवाईक विचारतात, ‘मग खरं कुणाचं?’ बऱ्याचदा दोघांचंही. घोळ तपासणीसाठी त्वचेचा तुकडा (बायोप्सी) काढताना, नाहीतर पाठवताना झालेला असतो.

सगळ्यात जास्त चुकते ती जागा. चट्ट्याचा मधला भाग बरा होत आलेला असतो. आजार जागा असतो तो उंचावलेल्या, लालसर कडेला. तुकडा तिथलाच हवा आणि चरबीपर्यंत खोल हवा. वरवर खरवडल्यासारखा घेतला, तर मज्जातंतूंभोवतीचा बदल स्लाइडवर येतच नाही. मग रिपोर्ट येतो, ‘विशेष काही आढळले नाही’. त्यावरून कुष्ठरोग नाही असं ठरवणं म्हणजे कहरच. फिक्या किंवा लालसर चट्ट्यावर संवेदना नक्की गेलेली असेल, तर निदान झालेलं आहे. तुकडा फक्त दुजोऱ्याला.

फॉर्मवर नुसतं ‘हॅन्सन?’ (म्हणजे कुष्ठरोग?) लिहून पाठवू नका. चट्टे किती, नस (मज्जातंतू) जाड आहे का, एमडीटी (कुष्ठरोगावरची एकत्रित औषधं) सुरू झाली का, चट्टे अचानक सुजलेत का, हे पॅथॉलॉजिस्टला कळायला हवं, कारण रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आजार अचानक भडकतो तेव्हा, स्लाइडचं चित्रच बदलतं. भाकरी उलटताना करंगळी भाजली आणि फोड दिसेपर्यंत बाईला पत्ता नव्हता, ही एक ओळही लिहा. कोपरामागची नस तपासायची आठवण तीच करून देते.

अक्कलकोट-बार्शीहून सोलापुरात येणारा तुकडा सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये नको. इथल्या मे महिन्यात तो वाटेतच खराब होतो. 10 टक्के फॉर्मालिन, तुकड्याच्या दहापट. जंतूंसाठी फाइट-फराको रंग मागा. नेहमीच्या झील-नेल्सन रंगपद्धतीत कुष्ठजंतूंचा रंग धुऊन जाऊ शकतो.

एवढं करूनही मधले प्रकार चुकतातच. 1966 च्या रिडले-जॉप्लिंग वर्गीकरणात टीटी (प्रतिकारशक्ती चांगली, जंतू कमी) आणि एलएल (प्रतिकारशक्ती कमी, जंतू खूप) ही दोन टोकं. मधले बीटी, बीबी, बीएल प्रतिकारशक्तीप्रमाणे सरकतात. एकाच रुग्णाच्या दोन चट्ट्यांत वेगळं चित्र दिसू शकतं. पटत नसेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करा, त्याच तुकड्याचे आणखी खोल सेक्शन (पातळ काप) मागा, नाहीतर दुसऱ्या चट्ट्याचा तुकडा पाठवा. औषधाचा गट मात्र या वादावर अडत नाही: पाचपेक्षा जास्त चट्टे, किंवा कानाच्या पाळीच्या स्मिअरमध्ये जंतू, म्हणजे मल्टिबॅसिलरी (जास्त जंतूंचा गट), औषध 12 महिने.

आणि नस दुखत असेल, बोटांची ताकद कमी होत असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइड लागेल का, ते तिथंच ठरेल.