मेलबॉक्सभोवतीचा वाफा: रोपं आणण्याआधी

एप्रिल-मे आला की न्यू जर्सीतल्या नर्सऱ्यांमधून आपली मंडळी गाडीची डिकी भरून रोपं नेतात. घराच्या मागच्या अंगणात जे जगतं ते रस्त्याकडेच्या मेलबॉक्सपाशीही जगेल, असं मनात धरलेलं असतं. पण ती जागा म्हणजे अंगणातली सगळ्यांत वाईट जागा. एका बाजूला तापलेलं डांबर, हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ, घरापासून लांब असल्याने पाण्याची आबाळ आणि रात्री फिरणारी हरणं. म्हणून आधी काय टिकेल ते ठरवा, फुलांचा रंग शेवटी.

कुदळ मारण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ कुठे आहेत ते दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करा. किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, पैसे पडत नाहीत. माणसं येऊन जमिनीवर खुणा करून जातात: पिवळी गॅसची, लाल विजेची, केशरी केबल-इंटरनेटची, निळी पाण्याची. मेलबॉक्सच्या खांबाशेजारून केबल गेलेली असण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे ‘एवढासा तर खड्डा’ म्हणून हे टाळू नका. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, नियमही याच वेळी वाचून घ्या. काही ठिकाणी झाडांची उंचीसुद्धा ठरवून दिलेली असते.

मग टेप घेऊन बाहेर जा. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच आणि दार कर्बच्या, म्हणजे रस्त्याच्या उंच काठाच्या, कडेपासून ६ ते ८ इंच मागे, असा टपाल खात्याचा नियम आहे. टपाल देणारी व्यक्ती गाडीतूनच हात बाहेर काढते. त्या हाताला काटा लागता कामा नये, म्हणून गुलाब इथे नकोच. दारासमोर मधमाश्यांची गर्दी करणारं फूलही नको. रस्त्याकडच्या बाजूला चार-सहा इंचांवर थांबणारं, जमिनीलगत पसरणारं सीडम लावा. त्याची पानं मांसल असतात, उन्हाला आणि कोरड्या मातीला ते दाद देत नाही.

खांबाच्या मागे कॅटमिंट. माझं मत विचाराल तर एकच रोप घ्यायचं असेल तर हेच घ्या. पान चुरगळलं की उग्र वास येतो, त्यामुळे हरणं सहसा तोंड लावत नाहीत. ‘वॉकर्स लो’ ही जात नावावर जाऊन बुटकी समजू नका, दोन-अडीच फूट वाढते आणि तेवढीच पसरते. तीन फुटांच्या वाफ्यात एक पुरे. मधमाश्या येतात, म्हणूनच ते मागे. होस्टा आणि डेलिली मात्र हरणांचं आवडतं जेवण, नर्सरीत कितीही स्वस्त मिळाल्या तरी सोडून द्या.

वेलाचा मोह सगळ्यांनाच होतो. जांभळा ‘जॅकमॅनी’ क्लेमॅटिस सुंदर दिसतो खरा, पण तो आठ-दहा फूट वाढणारा वेल आहे आणि खांब जेमतेम चार फुटांचा. जूनमध्ये पेटीचं दार आणि लाल झेंडा दोन्ही गिळून बसतो. दर आठवड्याला कात्री घेऊन उभं राहणार असाल तरच लावा.

रोपाच्या लेबलवर झोन बघा, म्हणजे किती थंडीच्या प्रदेशात ते रोप तग धरतं तो आकडा. मध्य न्यू जर्सी साधारण सातमध्ये येतं, म्हणजे ‘४ ते ८’ लिहिलेलं चालेल. झेंडू एका हंगामाचाच, मेच्या मध्यानंतर थंडी सरल्यावर लावा, दसऱ्याच्या तोरणापुरता बहुतेक वर्षी मिळतो. दिवाळी उशिरा आली तर दुकानातूनच आणावा लागेल.

पाण्याची सोय लावणीच्या आधी पाहा. नळी तिथवर पोचते का? नसेल तर झारी भरून नेण्याची तयारी ठेवा, कारण टणक रोपांनाही पहिला उन्हाळा पाणी लागतंच. मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा सालींचा-भुशाचा थर, दोन-तीन इंच, खोडाला न चिकटवता. मार्चमध्ये बर्फ वितळला की वाफ्यात दोन-तीनदा भरपूर पाणी सोडा, म्हणजे साठलेलं मीठ खाली धुऊन जाईल. आणि ऑक्टोबरात कॅटमिंटच्या आजूबाजूला सहा इंच खोल डॅफोडिलचे कंद पुरून ठेवा. ते विषारी असल्याने हरणं खात नाहीत, आणि फुलं सरल्यावर पिवळी पडणारी पानं कॅटमिंट झाकून टाकतं.