वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा : घाटातली सायकलफेरी कशी आखावी

सपाट रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस मार्ग आखताना किलोमीटर मोजतो. डोंगराळ मुलखात ही सवय सोडावी लागते, कारण तिथे दिवस कसा जाईल हे तीन गोष्टी ठरवतात : कोणता घाट चढायचा, कोणता उतरायचा आणि त्या वेळी घड्याळात किती वाजलेले असतील. सातारा जिल्ह्यातील वाई–पाचगणी–महाबळेश्वर–केळघर–मेढा–कुडाळ–पाचवड–वाई ही साधारण नव्वद किलोमीटरची फेरी मी अनेकदा केली आहे. त्याच फेरीच्या आधारे ही आखणी कशी करावी ते येथे सांगतो. ज्यांनी सपाटीवर साठ-सत्तर किलोमीटरचा सराव केलेला आहे, पण घाटात अजून सायकल घातलेली नाही, त्यांच्यासाठी ही फेरी उत्तम आहे.

प्रथम नकाशावरून चढाचा हिशेब करावा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आणि पाचगणी सुमारे तेराशे मीटरवर आहे. दोन्हींमधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा असून त्यातील प्रत्यक्ष घाट, म्हणजे पसरणी घाट, दहा-अकरा किलोमीटरचा आहे. चढलेल्या मीटरांना रस्त्याच्या मीटरांनी भागले की सरासरी पाच ते साडेपाच टक्के चढ निघतो. हा आकडा घाबरण्याजोगा नाही. सह्याद्रीतले जुने मोठे घाट बैलगाड्यांना आणि पुढे मोटारींना झेपावेत अशा बेताने वळणे देत काढलेले आहेत, त्यामुळे त्यांची चढण लांब असली तरी सहसा अंगावर येत नाही. खरी दमछाक होते ती अलीकडे वाड्या-वस्त्यांपर्यंत नेलेल्या अरुंद डांबरी रस्त्यांवर, जे वळणे टाळून थेट धारेवर चढतात आणि जागोजागी दहा-बारा टक्क्यांच्याही पुढे जातात. म्हणून नकाशावर जवळची दिसणारी आडवाट नवख्याने पहिल्याच फेरीत निवडू नये.

ही फेरी दोन्ही दिशांनी करता येते, पण मी ती पसरणी घाटाने चढून केळघर घाटाने उतरण्याचा आग्रह धरतो. पसरणी घाटावर पर्यटकांची वर्दळ मोठी असते आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर मोटारींची रांग लागते, मात्र पहाटे हाच रस्ता जवळजवळ मोकळा असतो. केळघर घाटात त्या मानाने वाहने कमी असतात. उतारावर सायकलस्वाराला स्वतःची रेषा धरायला मोकळा रस्ता हवा असतो आणि नेमकी उताराची वेळ दुपारकडे येते, तेव्हा ती शांत रस्त्यावर आलेली बरी. शिवाय पसरणी घाटाच्या अंगावर सकाळचे ऊन लवकर येते. वाईतून उजाडताच निघालेला माणूस ऊन तापण्याआधी माथ्यावर पोहोचतो, तर आठला निघालेला तोच घाट दुप्पट पाणी पिऊन चढतो.

सायकलीच्या बाबतीत सर्वांत आधी गिअर पाहावेत. पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचे असावे. पुढे ३४ आणि मागेही ३४ असताना मिनिटाला पंचाहत्तर वेळा पायडल फिरवले की सायकल ताशी सुमारे साडेनऊ किलोमीटर वेगाने चढते, म्हणजे पसरणी घाटाला एक तास पाच ते दहा मिनिटे लागतात. शर्यतीच्या जुन्या सायकलींवर पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी असते. त्या जोडीवर ताशी आठच्या वेगाला मिनिटाला जेमतेम चाळीस फेरे पडतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. अशी सायकल असेल तर मागची चक्रे बदलून घ्यावीत, ‘मला ताकद आहे’ असे म्हणून भागत नाही. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे असावेत. गावातल्या पंक्चरच्या दुकानात हवेची सोय असते, पण तिथले नळीचे तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचे असते, म्हणून बारीक व्हॉल्व्ह असलेल्यांनी त्यावर बसणारा छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवावा. त्याखेरीज दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, अ‍ॅलन कीचा संच आणि चेनची एक जोडकडी एवढे सामान पुरते.

वाईत कृष्णेच्या काठी, ढोल्या गणपतीच्या परिसरातून निघावे. १७६२ मध्ये बांधलेले हे देऊळ पहाटेच्या उजेडात फार सुरेख दिसते. गाव सोडले की पसरणी लागते. हे शाहीर साबळे यांचे गाव. गावातून जाताना गतिरोधकांकडे लक्ष असू द्यावे, कारण त्यांवरचा पांढरा रंग बहुधा उडालेला असतो. घाट सुरू झाल्यावर पहिली दोन किलोमीटरे मुद्दाम हळू चढावीत. सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच श्वास वाढू द्यावा आणि घाटाचा शेवटचा तिसरा हिस्सा आला की मग हवे तर जोर लावावा. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जिंकणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि त्या किताबाच्या ओढीने पहिल्याच वळणावर उठून पायडल मारणारे अनेक जण मी निम्म्या घाटात कठड्यावर बसलेले पाहिले आहेत. घाटात माकडे आहेत. थांबल्यावर केळी किंवा चिक्की उघडी ठेवू नये.

पाचगणी ते महाबळेश्वर हा एकोणीस-वीस किलोमीटरचा टप्पा माथ्यावरचा असल्याने बराचसा चढउताराचा, पण सोपा आहे. वेळ हाताशी असेल तर वाटेत भिलारला वळावे. मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाणारे हे गाव थांबण्यासाठी चांगले आहे. पोट भरण्याची योग्य जागा हाच टप्पा आहे, कारण पुढचा उतार रिकाम्या पोटी केला तर हात थरथरतात आणि ब्रेकवरचा ताबा जातो. पोहे, उकडलेली अंडी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, मीठ घातलेले लिंबू सरबत असे साधे खावे. तेलकट भजी फेरी संपल्यावर खावीत. हिवाळ्यात माथ्यावर कडाक्याचा गारठा असतो आणि घामाने भिजलेल्या अंगाने उतरू लागले की छाती आखडते. उतरण्याआधी विंडचीटर घालावे, आणि ते नसेल तर जुन्या सायकलपटूंचा उपाय करावा : वर्तमानपत्राचे दोन पदर छातीवर, जर्सीच्या आत सरकवावेत. हा उपाय खरोखर चालतो.

केळघर घाटात सायकल घालण्याआधी रस्त्याची ताजी अवस्था विचारून घ्यावी. महाबळेश्वरचा पाऊस कसा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैत तिथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पावसात घाटरस्त्यांवर दरडी येतात आणि खचलेली कडा दुरुस्त व्हायला महिने लागतात. विचारायचे ते हॉटेलवाल्याला नव्हे, तर दूध गोळा करणाऱ्या पिकअपच्या चालकाला किंवा एसटीच्या चालकाला, कारण तो त्याच सकाळी तो रस्ता तुडवून आलेला असतो. एकदा अशाच एका दूधवाल्या काकांनी मला सांगितले होते, “तिसऱ्या वळणाम्होरं खडी टाकलीया, दादा. उतरून चालत जावा, म्हंजे झालं.” मी उतरून चाललो. वळणाच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी मोकळी खडी हातभर जाड पसरलेली होती, आणि वरून वेगात येणाऱ्याला ती वळण घेईपर्यंत दिसणे शक्यच नव्हते.

उताराचे तंत्र शब्दांत सांगता येते, पण अंगी बाणायला सराव लागतो, म्हणून पहिल्या फेरीत वेग राखूनच असावा. हात हँडलच्या खालच्या वळणावर धरावेत, म्हणजे बोटे ब्रेकवर पूर्ण पोहोचतात आणि अंगाचा भार खाली येतो. वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असतानाच, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग कमी करावा, वळणात ब्रेक सोडावेत, बाहेरच्या बाजूचा पाय खाली ताणावा आणि नजर चाकासमोर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवावी. रस्त्याची डावी बाजू कधीही सोडू नये. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा घाटातला नियम सायकललाही लागू आहे, आणि खालून येणारा ट्रक वळणावर आपल्या बाजूला आला तरी आपल्याला थांबता आले पाहिजे, असाच वेग ठेवावा.

ब्रेक सतत घासत ठेवणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे, आणि मीही ती केलेली आहे. रिमवर दाबणारे ब्रेक असलेल्या सायकलीवर भीतीपोटी मी संपूर्ण उतार ब्रेक अर्धे दाबून उतरलो. शेवटच्या वळणांपैकी एकावर मागची ट्यूब बंदुकीसारखा आवाज करून फुटली. वेग कमी होता म्हणून कठड्यापाशी थांबता आले. रिमला बोट लावले तर चटका बसला आणि ट्यूब व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर उभी चिरलेली होती. तेव्हापासून मी ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबतो, मध्ये पूर्ण सोडून रिमला वारा लागू देतो, आणि दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमजवळ हात नेऊन पाहतो. कार्बनच्या रिमवर तर ही काळजी दुप्पट घ्यावी. डिस्क ब्रेक असले तरी निघण्याआधी पॅडची जाडी पाहावी, कारण सातशे मीटरचा एक उतार झिजलेले पॅड संपवू शकतो.

केळघर गाव आले की उतार संपतो आणि वेण्णेच्या खोऱ्यातून मेढ्याला पोहोचता येते. मेढ्याहून एक रस्ता कण्हेर धरणाच्या बाजूने साताऱ्याला जातो. ज्यांना वाईला परतायचे नसेल त्यांनी तो धरावा. परतणाऱ्यांनी कुडाळमार्गे पाचवडकडे निघावे. हा मुलूख उसाचा आहे, आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च या गाळपाच्या हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून लगेच उजवीकडे येऊ नये, कारण दुसरी तिच्या मागे डोलत असते आणि बाहेर आलेले ऊस खांद्याला लागू शकतात. ट्रॅक्टरच्या मागेच राहून तो थांबेल किंवा वळेल तोवर वाट पाहणे हेच योग्य. अंधारात यांतल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, म्हणून दुपारी दोनच्या आत पाचवड गाठण्याचा बेत असावा, आणि चार वाजून गेले असतील तर सरळ एखादा पिकअप थांबवून सायकल मागे टाकावी. पाचवडला महामार्गाच्या वाहतुकीपासून दूर राहून वाईचा फाटा धरावा. त्या वेळी पाय थकलेले असतात आणि नेमके तेव्हाच भरधाव वाहनांकडे दुर्लक्ष होते.

पहिली फेरी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी करावी. नाताळचे दिवस आणि मे महिना टाळावेत, तेव्हा माथ्यावर सायकल ढकलायलाही जागा नसते. हीच फेरी तीन-चार वेळा झाली, ब्रेकवर विश्वास बसला आणि गुडघे कुरकुरेनासे झाले, की मग दिशा उलटी करून केळघर घाट चढून पाहावा. तेव्हा उतार पसरणी घाटाचा येईल, म्हणून निघण्याची वेळ पुन्हा नव्याने मांडावी लागेल.