पुलाच्या स्लॅबवर ओव्हरले (वरून नवा थर) टाकायच्या आधी हे बघा

कोकणातल्या खाडीवरच्या पुलांचा त्रास वरून दिसत नाही, खारी हवा आणि पावसाचं पाणी भेगांतून आत जातं, सळी गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर आतल्या आत सुटतो. म्हणून आधी पूर्ण डेक, म्हणजे पुलाचा वरचा स्लॅब, हातोडीने ठोकत नाहीतर साखळी ओढत फिरा, चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो आणि सुटलेल्या जागी भद्द, पोकळ, तिथे लगेच खडूने चौकोन मारायचा. वर डांबर असेल तर ते काढल्याशिवाय या आवाजावर विश्वास ठेवू नका. आणि खालून स्लॅबवर पांढरे ओघळ दिसतायत का तेही बघा, दिसले तर पाणी आरपार झिरपतंय असं समजा.

मग खडूच्या रेषेच्या थोडं बाहेरून कटर मारा, पण सळी कापू नका हो! सळी गंजलेली असेल तर तिच्या खालूनही साधारण २० मिमी काँक्रीट काढायचं, नुसतं वरून लिंपलं की शेजारी परत गंज धरतो. जड ब्रेकर नकोच, त्याने चांगल्या काँक्रीटला बारीक तडे जातात.

ओव्हरलेचं वजन पुलाला झेपतंय का हे डिझाइनवाल्याकडून आधीच तपासून घ्या. ओव्हरले मायक्रोसिलिका काँक्रीटचा (सिलिकाची अतिबारीक भुकटी घातलेल्या) असेल तर जुना पृष्ठभाग ब्लास्टिंगने, म्हणजे जोराचा मारा करून, खरवडून, रात्रभर भिजवून, वर साचलेलं पाणी काढून मगच ओतायचं, तेही संध्याकाळी, आणि फिनिशिंग झालं की लगेच ओलं गोणपाट, निदान ७ दिवस. इथे कंजूषी केलीत तर भेगा पडणारच.