स्वतःची भाषा लिहिताय? इव्हॅल्युएटरमधल्या या चुका टाळा

लिस्पसारखी छोटी प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतलेल्यांचा कोड पाहिला की इव्हॅल्युएटरमध्ये, म्हणजे कोड चालवून त्याची व्हॅल्यू काढणाऱ्या भागात, तेच ते घोळ सापडतात.

सगळ्यात डोक्यात जाणारा घोळ म्हणजे सिम्बॉल (कोडमधलं नाव) आणि स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) एकाच टाइपमध्ये कोंबणं. ‘दोन्ही अक्षरंच ना?’ असतील. पण स्ट्रिंगची व्हॅल्यू ती स्वतःच असते, सिम्बॉलची एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे नावं आणि त्यांच्या व्हॅल्यूंच्या टेबलात, शोधावी लागते. एका प्रोजेक्टमध्ये रिपोर्टसाठी अशी भाषा होती. पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) अवतरणचिन्हं काढून टाकायचा, मग इव्हॅल्युएटर अंदाज बांधायचा: नाव टेबलात सापडलं तर व्हेरिएबल, नाहीतर मजकूर. सुरळीत चाललं होतं. मग कुणीतरी फॉर्मवर नावाच्या रकान्यात ‘मॅक्स’ भरलं, भाषेत त्याच नावाचं फंक्शन होतं, आणि रिपोर्टवर नावाच्या जागी ‘<फंक्शन>’ छापून आलं! दुरुस्ती काय केली, तर राखीव नावांची यादी. म्हणजे भाषेत नवं फंक्शन आलं की आणखी एक नाव फॉर्मवर बाद.

दुखणं पार्सरमध्ये होतं. मी टोकन (कोडचे सुटे तुकडे) ओळखतानाच सिम्बॉलला वेगळा टाइप देतो आणि लगेच इंटर्न टेबल लिहितो. एका नावाचा एकच ऑब्जेक्ट, म्हणजे तुलनेला पॉइंटर पुरतो. मात्र बाहेरून आलेला मजकूर सरसकट इंटर्न करू नका. रुबी या भाषेत २.२ आवृत्ती येईपर्यंत असे सिम्बॉल गार्बेज कलेक्ट होत नसत, म्हणजे नको झाले तरी मेमरीतून काढले जात नसत, मेमरी फुगतच जायची.

‘इफ’ला साधं फंक्शन करू नका. आर्ग्युमेंट आधीच इव्हॅल्युएट होत असतील तर स्वतःलाच बोलावणारं फॅक्टोरियल शून्यावर थांबत नाही. उणे एक, उणे दोन करत स्टॅक फुटेपर्यंत जातं. यावर स्टॅकचा आकार वाढवणारे अधीर वीर मी पाहिलेत. ‘इफ’ स्पेशल फॉर्म हवा: आधी अट, मग एकच शाखा.

क्वोट केलेली, म्हणजे ‘चालवू नको, तशीच ठेव’ अशी खूण केलेली यादी परत इव्हॅल्युएट करू नका. बस.

आणि क्लोजरसोबत (भोवतालची नावं वापरणाऱ्या फंक्शनसोबत) ते जिथे तयार झालं तिथलं एन्व्हायर्नमेंट साठवा. ‘स्कोपचं नंतर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी: स्कीम या लिस्पच्या बोलीनं १९७५ मध्येच लेक्सिकल स्कोप (नावाचा अर्थ कोड जिथे लिहिलाय तिथून ठरणं) घेतला, ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पमध्ये तो २०१२ साली, चोविसाव्या आवृत्तीत आला, तोही फाइलगणिक चालू करावा लागणारा पर्याय म्हणून, जुना कोड मोडायचा नव्हता. माझी चाचणी ठरलेली: दिलेल्या आकड्यात ‘न’ मिळवणारं फंक्शन परत करणारं फंक्शन लिहायचं, त्याला पाच द्यायचे, आणि मिळालेलं फंक्शन जिथे ‘न’ शंभर आहे तिथून एकावर चालवायचं. सहाऐवजी एकशे एक आलं, तर पुढचं एकही फीचर लिहू नका.