घरी केलेल्या दुहेरी पीसीबीवर आयसी बेस बसवताना

कारखान्यात तयार होणाऱ्या दुहेरी पीसीबीच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना तांब्याचे ट्रॅक (जोडणीच्या रेषा) असलेल्या सर्किट बोर्डाच्या, पिनांच्या छिद्रांना सहसा आतून तांब्याचा मुलामा असतो, त्यामुळे पिन खालून सोल्डर केली तरी वरचा ट्रॅक जोडला जातो. घरी फेरिक क्लोराइडच्या तांबे विरघळवणाऱ्या द्रावणात कोरलेल्या बोर्डाला हा मुलामा नसतो, म्हणून दोन्ही बाजू जोडायच्या असतील तर पिनला वरूनही सोल्डर लागलेच पाहिजे. रेझिस्टरच्या बाबतीत हे सहज जमते. आयसी बेसचे, म्हणजे चिप ज्यात खोचतात त्या सॉकेटचे, तसे नाही, कारण चपट्या पिनांच्या नेहमीच्या बेसचे प्लास्टिक बोर्डाला टेकते आणि वरचे पॅड (छिद्राभोवतीची सोल्डर करायची तांब्याची जागा) त्याखाली झाकले जातात.

निफाडकडच्या एका द्राक्षबागेतील ठिबकसाठी मी नाशिकला घरीच टायमर तयार केला होता. त्यातील एका पिनला वरून सोल्डर लागलेच नव्हते. ती पॅडला नुसती टेकलेली होती. उन्हाळाभर टायमर नीट चालला, पण पावसाळ्याच्या दमटपणात तांबे काळवंडले आणि व्हॉल्व्ह मध्येच बंद पडू लागला. तेव्हापासून मी बेसचा विचार ट्रॅक आखतानाच करतो.

शक्य तेवढे ट्रॅक बेसच्या पिनांपर्यंत खालच्या बाजूनेच आणावेत आणि बाजू बदलायची असेल तिथे बेसपासून थोडे दूर वेगळे छिद्र पाडून, त्यात तारेचा तुकडा घालून तो दोन्हीकडून सोल्डर करावा. एवढे करूनही काही पिनांना वरून जोडावे लागतेच. अशा वेळी गोल पिनांचा बेस घ्यावा, आणि त्यातही सलग पट्टीच्या रूपात मिळणारा घेतल्यास अधिक बरे. एटमेगा ३२८ सारख्या २८ पायांच्या अरुंद चिपसाठी १४-१४ पिनांचे दोन तुकडे तोडावेत. दोन ओळींमध्ये ७.६२ मिलिमीटर अंतर राहते आणि मधली जागा मोकळी असल्यामुळे सोल्डरिंग आयर्नचे बारीक टोक आतल्या बाजूनेही पिनपर्यंत पोहोचते.

दोन्ही पट्ट्या समांतर राहाव्यात म्हणून त्यांत एखादी निकामी चिप खोचून ठेवावी. चांगली चिप या कामासाठी कधीही वापरू नये. प्रत्येक पट्टीखाली, पिनांच्या आतल्या बाजूने, साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याची चिंचोळी पट्टी सरकवावी, म्हणजे प्लास्टिक तेवढे उचललेले राहते. प्रथम खालून चार कोपऱ्यांच्या पिना पक्क्या कराव्यात, पुठ्ठा आणि निकामी चिप काढावी, वरच्या पॅडना फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा पदार्थ) लावावा आणि मगच वरची सोल्डरिंग करावी. आयर्नचे टोक पिन आणि पॅड या दोघांनाही टेकलेले असावे. सोल्डर पिनभोवती कड्यासारखे पसरले की टोक लगेच उचलावे, कारण जास्त वेळ उष्णता दिल्यास प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते आणि घरच्या बोर्डावरचा पॅडही उखडतो. उरलेल्या पिना खालून शेवटी कराव्यात.

जोडणीची तपासणी मात्र पॅडवरून करू नये. मल्टिमीटरचा एक प्रोब ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला लावावा आणि दुसरा बेसच्या छिद्रात घातलेल्या रेझिस्टरच्या कापलेल्या पायाला लावावा. जाड प्रोब थेट छिद्रात खुपसल्यास आतली स्प्रिंग फाकते आणि पुढे चिप सैल बसते. ही तपासणी २८ही पिनांवर करावी, शेजारच्या पिना एकमेकींना चिकटलेल्या नाहीत हेही पाहावे, आणि त्यानंतरच वीज बंद ठेवून, चिपवरची खाच बोर्डावरच्या खुणेशी जुळवून खरी चिप बसवावी.